चोरलेलं वळण

९ ऑक्टोबर १९६१

डॉक्टरने सांगितलं म्हणून लिहितोय, नाहीतर मला कसली आलीय हौस. उजवा हात उन्हाळ्यापासून थरथरतो. स्वस्थ बसलो की जास्त, काहीतरी धरलं की कमी. डॉक्टर म्हणाला, रोज जमेल तेवढं लिहा, वर तारीख घाला आणि अधूनमधून मला वही दाखवा, अक्षरावरून हाताचं काय चाललंय ते कळेल. मी म्हटलं, डॉक्टर, मी भांड्यांवर जुन्या काळची नक्षी काढणारा माणूस, माझा बाप तेच करायचा, हात बघायचा तर भांडी बघा की. तर म्हणे, भांडी विकली जातात, वही घरात राहते. शिकलेल्या माणसाशी कोण वाद घालणार.

घरात कुणाला बोललो नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. कॉफीच्या दुकानात बसलो की हातात मण्यांची माळ खेळवत ठेवतो, म्हणजे हात हलला तरी माळेमुळे हलतोय असं वाटतं. या मारूसी गावात निम्मे कुंभार आमच्या सिफनोस बेटावरचे, आणि सगळ्यांच्या जिभा कात्रीसारख्या. झानिसचा हात गेला एवढं एकाला कळलं की संध्याकाळपर्यंत कारखान्याला कुलूप. कालिरोईला, माझ्या मुलीला, यातलं काही ठाऊक नाही. ती आपली झाडलोट, स्वयंपाक, भट्टीचं लाकूड बघते आणि वेळ उरला तर प्रवाशांसाठीच्या अ‍ॅशट्रेवर ऑलिव्हची पानं काढते.

१७ ऑक्टोबर

मोठं काम आलं. किफिसियाला नवं हॉटेल होतंय, त्याच्या सजावटीचं बघणारे दामिगोस म्हणून गृहस्थ आले होते. दिवाणखान्यात ठेवायला मोठे दोन कानांचे रांजण हवेत, अस्सल जुन्या धर्तीचे. गळ्यावर ताडपानं आणि कमळकळ्या, खांद्यावर जिभांची ओळ, पोटावर वळणपट्टी, म्हणजे काटकोनात वळत जाणारी अखंड रेघ. रंग फासलेला नको, भट्टीतला काळा हवा. मी म्हटलं, साहेब, रंग फासणारे प्लाका बाजारात मिळतील, इथे नाही.

याकुमीस चाक फिरवतो, मी नक्षी काढतो. तो माझ्या बायकोचा, मारूसोचा, धाकटा भाऊ. ती जाऊन सात वर्षं झाली तरी त्याने मला सोडलं नाही. दामिगोस गेल्यावर म्हणतो, 'वस्ताद, एवढं काम झेपेल?' मी म्हटलं, तू तुझं चाक सांभाळ. तो माझ्या हाताकडे बघत होता की काय कोण जाणे.

३ नोव्हेंबर

पहिली भट्टी उघडली. रात्रभर झोप नव्हती. आमच्या धंद्याचा शापच हा, की काढलेलं दिसत नाही. नक्षी काढायची ती त्याच मातीच्या पातळ गाळाने. भांडं तांबूस, गाळही तांबूस. ओला असेतो चकाकतो, वाळला की संपलं. माझ्या डोळ्यांना तर आता तेही धड दिसत नाही. मग भट्टीत धूर कोंडायचा, पुन्हा हवा द्यायची, आणि दार उघडेल तेव्हा कळणार आपण काय करून ठेवलं ते. आतून काळं आलं की झाकायला जागा नाही.

आणि काय आलं म्हणून सांगू! एक रेघ हललेली नाही. ताडपानाची पाती वाऱ्यावर उभी राहावीत तशी, जिभा सगळ्या एका मापाच्या. मी तिथेच छातीवर क्रॉसची खूण केली. म्हणजे खुर्चीत बसल्यावर थरथरतो तो हात वेगळा आणि कुंचला धरल्यावरचा वेगळा. डॉक्टरला काय कळतंय. याकुमीसने रांजण हातात घेतला, बराच वेळ फिरवून बघितला आणि ठेवून दिला. कौतुक करायला त्याला आधीपासूनच जड जातं. कालिरोईचे डोळे मात्र भरून आले. बापाचं चांगलं झालं की पोरीला वाटणारच.

१४ नोव्हेंबर

आज कालिरोईवर ओरडलो. दुपारी जेवून झोपतो तो पाचच्या सुमाराला उठतो, सगळं मारूसी त्या वेळी झोपलेलं असतं. आज लवकर जाग आली. कारखान्यात गेलो तर ही माझ्या रांजणांपाशी, बाही कोपरापर्यंत वर, हातात ओला स्पंज. माझे कुंचलेही ओले. विचारलं तर म्हणाली, भांडी फार वाळू नयेत म्हणून पुसत होते, कुंचले धुऊन ठेवले. मी म्हटलं, माझ्या कुंचल्यांना हात लावायचा नाही, एकेक केस बांधून केलेत मी ते. 'बरं बाबा,' म्हणाली. तिच्या पुढच्या खिशातून कागदाची लांब पट्टी लोंबत होती, सारख्या घड्या घातलेली. लग्नाच्या झग्याचं माप असणार. सव्वीस उलटली, पोरीच्या मनात येत असेल, आई नाही, बोलणार कुणाशी. मला वाईट वाटलं.

२३ नोव्हेंबर

दुसरी भट्टी. पहिलीपेक्षा सरस.

पण एक गंमत झाली ती लिहून ठेवतो. वळणपट्टी कानाखालून सुरू करायची, पोटाला वळसा घालून पुन्हा कानाखाली आणायची. शेवटच्या घराला, म्हणजे शेवटच्या वळणाला, जागा कधी पुरत नाही, कधी उरते. मग ते शेवटचं वळण चोरायचं, म्हणजे थोडं आवळायचं नाहीतर सैल सोडायचं, आणि कानाच्या सावलीत लपवायचं. माझा बाप म्हणायचा, सारखी मिटलेली पट्टी छापखान्यात होते, हाताने होत नाही. त्याने आयुष्यभर चोरी केली, मीही केली. आज एकेक रांजण फिरवून कानाखाली बघितलं. सगळ्या पट्ट्या बरोबर मिटल्यात. शेवटचं घर पहिल्या घराएवढं.

मोजलं नाही, आखलं नाही, आणि साठी उलटल्यावर हे साधलं! बाप असता तर टोपी काढली असती त्याने. याकुमीसला ओढत आणून दाखवलं. तो म्हणाला, 'म्हातारपणी तुझा हात बदललाय, वस्ताद.' मी म्हटलं, बदलला नाही, पिकला. तो बाहेर जाऊन सिगारेट ओढत बसला.

६ डिसेंबर

डॉक्टरला वही दाखवली. अक्षर बारीक होत चाललंय म्हणतो, ऑक्टोबरातल्या एका ओळीत आता दोन मावतील. मी मुद्दाम एक लहान सुरई नेली होती, मागच्या भट्टीतली. म्हटलं, ही बघा आणि मग बोला. कालिरोई सोबत होती. त्याने सुरई बघितली, वही बघितली, पुन्हा सुरई. मग माझ्या पोरीकडे बघत राहिला. तिने मान खाली घातली. मला म्हणतो, 'मुलीला एकदा एकटीलाच पाठवा. मला तिच्याशी बोलायचंय.'

बायको जाऊन दोन वर्षं झाली त्याच्या. पन्नाशीचा घोडा, टक्कल पडलेलं, आणि माझ्या पोरीशी एकटीशी बोलायचंय! माझ्या मस्तकात तिडीक गेली. पण दवाखाना त्याचा, काय बोलणार. सुरई काखेत मारून निघालो.

९ डिसेंबर

जे नको होतं तेच. दुपारी झोपेतून उठून खिडकीशी आलो तर फाटकात डॉक्टर आणि कालिरोई. तो हळू आवाजात काही समजावतोय, ही मान हलवून नाही नाही म्हणतेय आणि रडतेय. मी खाली जाईपर्यंत तो सायकलवरून गेला. विचारलं, काय म्हणत होता? 'काही नाही बाबा. तुमच्या औषधाचं.' औषधासाठी कुणी रडतं का? मी काय दूधखुळा आहे?

संध्याकाळी सरळ थेक्लाबाईकडे गेलो. त्या लग्नं जुळवतात. महिनाभर माझ्या मागे होत्या, मेलबर्नचं स्थळ आहे म्हणून. पागोनिस आडनावाचा मुलगा, मूळचा किमोलोसचा, मोटारींच्या कारखान्यात कामाला, हुंडा नको, फक्त बेटावरची शांत मुलगी हवी. फोटोत चेहरा बरा वाटतो, कान जरा मोठे आहेत. आतापर्यंत टाळत होतो, कारण हाताची खात्री नव्हती, घरात कुणी असावं असं वाटायचं. आता हाताची चिंता नाही. पोरीचं नाव खराब व्हायच्या आत उजवून टाकलेली बरी. हो म्हणून आलो.

१० डिसेंबर

कालिरोईला सांगितलं. ती भांडी घासत होती, घासतच राहिली. मग विचारलं, किती लांब आहे ते? मी म्हटलं, बोटीने महिनाभर.

२० डिसेंबर

लिहू नये असं वाटतंय, पण लिहितो. आज जेवताना कालिरोई म्हणाली, 'दामिगोससाहेबांचं काम संपलं की तुम्ही थांबा बाबा. कारखाना बंद करा. आपण सिफनोसला जाऊन राहू.'

मी म्हटलं, आपण म्हणजे कोण? तू तर मेलबर्नला.

'आणि मी नाही गेले तर?'

म्हणजे डॉक्टरने चांगलंच डोक्यात भरवलेलं. मी बोललो, नको नको ते बोललो. थेक्लाला शब्द दिलाय, तिकीट निघालंय, मुलगा तिकडे खोली घेऊन बसलाय. इथे राहून काय करणार आहेस? झाडू मारणार? अ‍ॅशट्रे रंगवणार? ती म्हणाली, 'मी रांजण रंगवले तर?' मी हसलो. आमच्यात बाईने रांजणाला कुंचला लावलेला नाही, तिची आजी भट्टी भरायची तीसुद्धा दाराशी थांबून. मी म्हटलं, पोरी, रेघ ओढायला मनगट लागतं. ती माझ्या हाताकडे बघत होती. मी चटकन टेबलाखाली घेतला.

'तुमच्या हाताला...' एवढंच म्हणाली आणि थांबली.

'काय झालंय माझ्या हाताला?'

 मला तेव्हा खरंच भीती वाटली, का ते कळलं नाही. मग म्हणाली, 'काही नाही. हात छान आहे तुमचा. पण मला वचन द्या. हे काम झालं की थांबायचं.'

दिलं वचन. पोर निघून चाललीय, तेवढ्यासाठी कुठे नाही म्हणू.

१४ जानेवारी १९६२

हॉटेलचं काम पुरं झालं. शेवटचे रांजण भट्टीतून सोन्यासारखे निघाले. दामिगोस हात चोळत होते. जाताना म्हणाले, भोजनगृहासाठी अशाच रांजणांची आणखी मोठी रांग हवी, ईस्टरनंतर. मी हो म्हटलं. आत्ता कुठे माझा हात लागलाय, आणि आत्ता थांबू? सिफनोसला जाऊन शेळ्या मोजू? कालिरोईला सांगितलं नाही. जाता जाता कटकट नको. याकुमीसलाही दम दिला, एक अक्षर काढायचं नाही. तो म्हणाला, 'तू तिला वचन दिलंयस.' मी म्हटलं, बापाच्या धंद्यातलं पोरीला काय कळतं. तो असा बघायला लागला जसा काही मी त्याच्या ताटात थुंकलोय. मग चाकाकडे गेला.

११ फेब्रुवारी

पिरेअसहून बोट सुटली. धक्क्यावर पोरीच पोरी, प्रत्येकीच्या पर्समध्ये कुणाचातरी फोटो. आया छाती बडवत होत्या. मी कोरडा राहिलो. तिने माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि सोडीचना. थरथर तिला कळली असणार. म्हणाली, 'सिफनोसहून पत्र लिहा बाबा. स्वतःच्या हाताने नाही लिहिलं तरी चालेल, याकुमीसमामाकडून लिहून घ्या.' मी म्हटलं, का? मला काय धाड भरलीय?

घरी आलो. छोले शिजवून ठेवलेले होते. ते खाल्ले.

१६ मार्च

भट्टी उघडली. सगळं वाया. रेघा अशा की शाईत पडलेली मुंगी चालत गेलीय. जिभा एकमेकींवर चढलेल्या. वळणपट्टी तर कुठे सुरू आणि कुठे संपली तेच कळत नाही. दोष मातीचा आहे. या वेळी गाळ नीट निवळला नव्हता. किंवा धुराला ओलं लाकूड घातलं म्हणून. याकुमीसला म्हटलं तसं. तो म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. मी हातातला तुकडा त्याला फेकून मारला. लागला नाही.

तेव्हापासून बोलणं बंद आहे. ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस, घरात ऑलिव्ह आणि पाव.

२ एप्रिल

दुसरी भट्टी. तीच गत.

नवा रांजण घेतला, सकाळी त्यावर पट्टी काढली. वाळायच्या आत दाराशी नेला, उन्हात तिरपा धरला. आजवर असा धरून बघितला नव्हता. धरायला घाबरत असेन. गाळ ओला होता, चकाकत होता, आणि थरथर सगळी तिथेच होती. भट्टीच्या आधीच. भट्टी काही बिघडवत नव्हती. मग जानेवारीपर्यंत कोण सुधारत होतं?

याकुमीसच्या चाकासमोर जाऊन उभा राहिलो. त्याने चाक थांबवलं. मी विचारायची गरजच पडली नाही.

'दुपारी तू घोरायला लागलास की ती यायची,' तो म्हणाला. 'स्पंजने तुझं सगळं पुसायची आणि नव्याने काढायची. कागदाला घड्या घालून वळणांचं माप लावायची. तुला जाग यायच्या आत वाळवायची.'

मी म्हटलं, तू मला सांगितलं का नाहीस?

'तिने माझ्या बहिणीच्या मातीची शपथ घातली होती मला. डॉक्टरने ओळखलं होतं. तो तिला सांगायला आला होता की बापाला खरं सांग, हात सुधारणारा नाही. ती म्हणाली, हे कळण्यापेक्षा मेलेलं बरं, असं होईल त्यांना. आणि तू काय केलंस? दुसऱ्या दिवशी तिला लग्न ठरलं म्हणून सांगितलंस.'

'तेव्हा तरी बोलायचं होतं तिने.'

'बोलली असती तर तू तिला ठेवून घेतली असतीस, नाही का?' तो म्हणाला. 'आणि मग रोज तिचं तोंड बघून जळला असतास. तिने तुझ्यासमोर बसून तुझं नाव लागणारी भांडी रंगवत जन्म काढायचा, आणि तू तिच्याशी धड बोलायचा नाहीस. तिने तुला ओळखलंय, वस्ताद. ती तुझ्या वचनावर गेली. तिला वाटतंय तू सिफनोसला बसलायस.'

मला लाज वाटते. एवढीच गोष्ट लिहायची आहे. सारख्या मिटलेल्या त्या पट्ट्या मी बाजारात नेऊन लोकांना दाखवल्या होत्या. बापाचं नाव घेऊन बढाई मारली होती. आणि ज्या पोरीने त्या काढल्या तिला म्हटलं, मनगट लागतं.

१९ एप्रिल

पत्र आलं, सिफनोसच्या पत्त्यावरून फिरून. बिस्किटांच्या कारखान्यात डबे बंद करायचं काम मिळालंय. नवरा बरा आहे, कमी बोलतो. तिथे या दिवसांत पानं गळतात, तिला गंमत वाटते. विचारलंय, बेटावर लिंबोणी फुलली असेल ना बाबा.

तिला सांगावं वाटतं की पोरी, तुझा हात माझ्यापेक्षा चांगला, माझ्या बापापेक्षाही. आणि ते सांगायचं तर मला कळलं हेही सांगावं लागेल, मग ती तिथे डबे बंद करताना रोज रडेल. याकुमीस म्हणतो, नको सांगूस, तिची लिंबोणी फुललेली राहू दे. पत्राला उत्तर त्यानेच लिहिलं. लिंबोणी फुललीय असं लिहिलं.

८ मे

दामिगोस आले. दोन भट्ट्यांतलं जे काही फुटलं नव्हतं ते मी फळीवर मांडून ठेवलं होतं. लपवायचं काय आता. त्यांनी एक उचलला, दुसरा उचलला. सभ्य माणूस, आवाज चढवला नाही. म्हणाले, 'झानिसराव, हे त्या हाताचं काम नाही.'

मी म्हटलं, नाही.

'मग ते रांजण कुणी रंगवले? आम्ही प्रत्येकाशेजारी पितळेची पट्टी लावतोय, कारागिराचं नाव घालून. तुमचंच घालणार होतो.'

याकुमीस चाकावरून उठून उभा राहिला. मी म्हटलं, 'माझ्या मुलीने रंगवले. सगळे.' पहिल्यांदा बोललो हे, आणि जीभ अडखळली नाही.

त्यांनी खिशातून कागद काढला, नाव विचारलं. मी सांगितलं, कालिरोई गेरोंदारी. त्यांनी लिहून घेतलं. मग माझ्या लक्षात आलं की ते आता तिचं आडनाव राहिलं नाही. मी म्हटलं, साहेब, खोडा ते. नवरा पागोनिस, म्हणजे बायको पागोनी, तसं लिहा. त्यांनी खोडून पागोनी लिहिलं, आणि म्हणाले, भोजनगृहाचं कामही त्यांनाच द्यायचं म्हणतोय, बोलवा की त्यांना, मला भेटायचंच आहे.

मी म्हटलं, भेटता येणार नाही. लांब दिली तिला. मीच दिली.